गोट्यांचा डबा: धुण्याआधी, वाटण्याआधी, विकण्याआधी

घराच्या वाटण्या होतात तेव्हा भांडण वावराच्या धुऱ्यावरून होतं, विहिरीच्या पाण्यावरून होतं, फार तर तांब्या-पितळेच्या भांड्यांवरून होतं. गोट्यांचा डबा कोणी मागत नाही. विदर्भातल्या राळेगावच्या जुन्या घरांत तो माळ्यावर, मोडक्या कंदिलाच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या शेजारी धूळ खात पडलेला असतो. मग एके दिवशी एखाद्या नातवाच्या मोबाईलवर ‘जुन्या गोटीला लाखाचा भाव’ असा व्हिडिओ येतो आणि तोच डबा साऱ्या भावकीचा होतो.

असा डबा तुमच्याकडे असेल तर आधीच सांगून टाकलेलं बरं: बहुतेक डब्यांत विकण्याजोगं काही निघत नाही. आपल्याकडच्या गोट्या पोरांनी मातीत खेळून झिजवलेल्या असतात. संग्राहक ज्यांना पैसे मोजतात त्या जर्मन-अमेरिकन गोट्या विदर्भातल्या तालुक्याच्या गावी पोचायचं फारसं कारणही नव्हतं. पण फारसं नव्हतं म्हणजे मुळीच नव्हतं असं नाही. मुंबईच्या गिरणीत, रेल्वेत किंवा सैन्यात नोकरी केलेला एखादा चुलत आजोबा घरात असतोच. शिवाय या डब्यांत पुष्कळदा गोट्यांच्या जोडीने भलतंच काही सापडतं आणि कधी कधी तेच जास्त मोलाचं निघतं.

पहिली गोष्ट, डबा धुवायला घेऊ नका. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली तापलेली काच गार पाण्यात टाकली की जुनी बारीक चीर आरपार जाते. राख, चिंच, लिंबू, भांड्याची पावडर यातलं काहीच लावू नका. गोधडी किंवा जाड चादर अंथरा, तिच्यावर डबा हळूच उपडा करा आणि हात लावण्याआधी फोटो काढा. आत चिठ्ठी, शाळेच्या वहीचं पान, तुटलेलं बटण, पैशाचं नाणं निघालं तर तेही जपून ठेवा. गोटीवर साल छापलेलं नसतं, पण नाण्यावर असतं.

डब्याकडेही बघा. डालडा भारतात १९३७ साली आला, म्हणजे डालड्याचा डबा त्याआधीचा असू शकत नाही. आतल्या गोट्या जुन्याही असतील, नव्याही असतील. तरी ‘पणजोबांनी १९१०च्या सुमारास भरून ठेवलेला डबा’ ही गोष्ट मात्र तिथेच संपते. त्याच दिवशी घरातल्या म्हाताऱ्या आत्याला किंवा काकूला फोन करा. हा डबा कोणाचा, तो कुठे राहायचा, गोट्या कुठून आल्या, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या. घरातली पुरुषमंडळी गोट्या जिंकल्याचं सांगतात. त्या आणल्या कोणी, हे बहुधा बायकांना आठवतं.

आधी, गोटी कोणती नाही ते

सगळा ऐवज चादरीवर पसरला की काच आणि बिनकाच असे दोन ढीग करा. बिनकाचेचा ढीग आधी घ्या, कारण चुका तिथेच होतात.

करड्या रंगाचे, गुळगुळीत, कठीण कवचाचे, पूर्ण गोल नसलेले दाणे हे सागरगोटे. ते झाडाचं बी आहे, मुलींच्या खेळातलं आणि आजीबाईच्या बटव्यातलं. मातीचे भाजलेले किंवा नुसते वाळवलेले गोळे दिसले तर लगेच ‘पुरातन मातीच्या गोट्या’ म्हणू नका. आपल्या भागात ज्वारीच्या कणसांवरची पाखरं उडवायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत. तिचे गुंडे आणि गुलेलीच्या गोळ्या अशाच असतात. गोफणगुंडा गोटीपेक्षा बराच मोठा आणि ओबडधोबड असतो, त्यामुळे तो लगेच कळतो. गुलेलीची गोळी मात्र नुसत्या डोळ्याला फसवते. पैशांच्या हिशेबात दोन्ही सारखेच, म्हणजे शून्य. घरच्या शेतीची आठवण म्हणून एखादा जरूर ठेवा.

जड, चकचकीत किंवा गंजके लोखंडी गोळे म्हणजे बेअरिंगचे छर्रे. जिनिंगच्या गावात त्यांना काय तोटा! खेळात छर्ऱ्याने समोरच्याची काचेची गोटी फोडता येते, म्हणून पोरांना त्याचं भारी अप्रूप. भंगाराच्या भावापलीकडे त्यांना किंमत नाही.

दगडाच्या गोल वस्तूंपाशी थांबा. आपली जमीन दख्खनच्या लाव्हा खडकाची, आणि त्या खडकाच्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी, सूर्यकांत भरपूर सापडतात. नांगरामागे चालताना उचललेला गोल अकीक पोराने डब्यात टाकला असेल तर तो निसर्गाचा. पण त्याला आरपार भोक असेल तर ती गोटी नव्हे, मणी आहे. नागपूरजवळचं माहूरझरी हे अशा दगडी मण्यांच्या कारागिरीचं फार प्राचीन केंद्र होतं. त्यामुळे विदर्भातल्या वावरात जुना मणी निघणं अशक्य नाही. अशा मण्याला पॉलिश करू नका, भोकातली माती सुईने कोरून काढू नका आणि तो कोणत्या शेतातून आला ते लिहून ठेवा. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू आता, तुमच्या हाताने, निघाली तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. वस्तूची किंमत दहा रुपयांहून अधिक असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा राणीच्या काळचा आहे, पण कायद्यात तोच आहे.

काळा, गुळगुळीत, भोकाच्या आत चक्रासारख्या रेषा असलेला दगड शाळिग्राम असू शकतो, आणि लांबट अंडाकृती, पट्ट्यापट्ट्यांचा दगड नर्मदेतला बाण. देवघर मोडताना अशा वस्तू खेळण्यांच्या डब्यात जाऊन पडतात. त्यांच्यावर चाकूने ओरखडा काढून परीक्षा घेऊ नका. घरात कोणाला पूजेला हवा आहे का ते विचारा, त्याचा निर्णय वेगळा होऊ द्या. आणि पांढरट-पिवळसर, बारीक जाळीदार रेषांचा गोळा हस्तिदंती वाटला तर तो विकायला मुळीच काढू नका. हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

आता काच

यासाठी तीन वस्तू पुरतात: सोनाराचं भिंग, मोबाईलचा टॉर्च आणि ग्रॅमच्या दशांशापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. व्यास मोजायला शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर मिळाला तर उत्तमच.

एक नेहमीच्या मापाची गोटी घ्या, साधारण १६ मिलिमीटर व्यासाची. ती काचेची असेल तर वजन ५.४ ग्रॅमच्या आसपास भरेल. तेवढीच प्लॅस्टिकची जेमतेम अडीच ग्रॅम, लोखंडी जवळजवळ १७. २५ मिलिमीटरची ढब्बू गोटी काचेची असेल तर वीस ग्रॅमच्या वर. अकीक आणि काच यांचं वजन मात्र इतकं जवळ असतं की काटा त्यांना वेगळं करू शकत नाही. तिथे भिंग लावा. आत हवेचा गोल बुडबुडा दिसला की ती काच, त्यात वादच नाही. हाताने घासलेल्या अकीकावर प्रकाश तिरपा पाडला तर बारीक चपटे पैलू दिसतात. जर्मनीत इडार-ओबरश्टाइनला अशा अकीकाच्या गोट्या घासून बनवत. आपल्याकडे गुजरातेत खंबातला अकीकाचं काम शतकानुशतकं चालत आलं आहे.

आता गोटी टॉर्चवर धरून सावकाश फिरवा आणि तिची दोन टोकं शोधा. हाताने घडवलेल्या गोटीत रंगीत काचेच्या कांडीचा तुकडा कापून गोल केलेला असतो. जिथे तो कांडीपासून तुटला तिथे बेंबीसारखी खरबरीत खूण राहते. कधी एका टोकाला, बहुधा दोन्ही टोकांना. आतले रंगीत धागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पीळ घेत जातात. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, लाउशाच्या काचकारागिरांनी १८४०च्या दशकात गोटी कापायची खास कात्री काढली, आणि तिथून पहिल्या महायुद्धापर्यंत जगभरच्या पोरांना हातघडीच्या गोट्या त्यांनीच पुरवल्या. युद्धाने तो व्यापार मोडला.

यंत्रगोटीला अशी खूण नसते. तिच्यावर फार तर एखादी पुसट शिवण किंवा काच कापल्याची रेघ दिसते. ओहायोतल्या ॲक्रनच्या मार्टिन ख्रिस्तेन्सेनला गोटी करण्याच्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळालं. त्याच ॲक्रनमधली ॲक्रो ॲगेट कंपनी १९१४ साली वेस्ट व्हर्जिनियात गेली आणि १९५१ साली बंद पडली. अमेरिकन संग्राहकांच्या आवडत्या बऱ्याचशा गोट्या याच मधल्या काळातल्या.

आता आपल्या डब्यांत हमखास असणारी जात: पारदर्शक काच आणि आत दोन-तीन-चार रंगीत पाकळ्या. इंग्रजीत तिला कॅट्स आय म्हणतात. ही तऱ्हा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने बाजारात आणली, मग अमेरिकेने आणि इतरांनीही उचलली. आजही किराणा दुकानात जाळीच्या पिशवीतून ती विकली जाते. पाकळ्यांची गोटी हातात आली की ती स्वातंत्र्याच्या आधीची नाही असं धरूनच चाला. कोणी कितीही शपथा घेवो.

डब्यात एखादी गोटी वेगळी निघाली तर ती अशी असेल: दोन्ही टोकांना खूण, मध्ये पांढऱ्या धाग्यांची पिळदार जाळी. किंवा पट्ट्यांच्या कडेला सोनेरी चमकी, जी खरं तर तांब्याच्या बारीक कणांची असते. अशा गोटीला संग्राहक लुट्झ म्हणतात. किंवा पारदर्शक गोळ्याच्या पोटात चंदेरी दिसणारा छोटा प्राणी वा माणूस, ती सल्फाइड. असं काही दिसलं की ती गोटी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि मऊ सुती कापडात गुंडाळा. पण हुरळून जाऊ नका. आजचे कलाकारही हाताने गोट्या घडवतात आणि त्यांच्याही टोकांना खूण असते. त्यातले पुष्कळजण तिच्यावर सही किंवा आद्याक्षरं कोरतात, तेवढं भिंगातून बघा. सल्फाइडच्या नकलाही कमी नाहीत.

जांभळ्या दिव्याखाली हिरवी झळकणारी गोटी सापडली की लोक वेडावतात. नोटा तपासायचा दिवा व्यापाऱ्याकडे असतोच, त्याखाली धरून बघा. काचेत युरेनियम असेल तर ती लख्ख हिरवी दिसते, मँगेनीज असेल तर फिकी हिरवी. यातलं काहीही वयाचा पुरावा नाही. अशाच झळाळत्या काचेला ‘नागमणी’ म्हणून गळ्यात मारणारे भोंदू आजही हिंडतात. कोणी तसं म्हणालं तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आणि पोलीस ठाणं दोन्ही लक्षात ठेवा.

सोड्याच्या बाटलीतली गोटी

आपल्या भागातल्या डब्यांचा खरा इतिहास इथे आहे. फिकट निळसर-हिरवी, रंगीत धागे नसलेली, पोटात बुडबुडे असलेली, किंचित वेडीवाकडी गोटी म्हणजे सोड्याच्या बाटलीतून काढलेली. बाजाराच्या दिवशी फुटलेल्या बाटलीभोवती पोरं कशी जमत, ते पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा.

ही बाटली लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या हायरम कॉड या माणसाने काढली. १८७२ साली तिने पेटंटचा अंतिम आकार घेतला. गळ्यात रबरी कडं, मानेला दोन चिमटे आणि मधे गोटी. बाटली उलटी धरून सोडा भरायचा, सरळ केली की आतल्या वायूच्या दाबाने गोटी कड्याला घट्ट बसते. वेगळं बूच लागत नाही. इंग्लंडात बार्न्सली हे या बाटल्यांचं मोठं ठिकाण होतं. महाराष्ट्रात सोड्याचा धंदा पारशी मंडळींनी वाढवला. पुण्यात आर्देशिर १८८४ पासून, मुंबईत ड्यूक्स १८८९ पासून. उत्तर प्रदेशातल्या हाथरस जिल्ह्यातल्या सासनीत गोटीच्या बाटल्या अगदी अलीकडेपर्यंत बनत आल्या आहेत.

सुटी सोडागोटी कवडीमोलाची आहे. गोटीसकट शाबूत बाटलीचं तसं नाही. तिच्यावर गावाचं किंवा कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असेल तर मुळीच नाही. नागपूर, अमरावती, यवतमाळ असं गावाचं नाव, ‘मिनरल वॉटर’सारखे शब्द, तळाशी एखाद्या इंग्रजी काचकारखान्याचं नाव, यातलं काहीही दिसलं तर तिला संग्राहक आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक दोघेही विचारतील. गोटीसाठी ती कधीही फोडू नका. जुनी बाटली ओळखायची तर बुडाची झीज बघा. वर्षानुवर्षं लाकडी खोक्यात घासल्याने बुडाच्या कडेला धूसर, एकसारखी नसलेली झीज येते. सजावटीसाठी नव्याने केलेल्या बाटलीचं बूड गुळगुळीत असतं, किंवा सँडपेपर मारल्यासारखं सगळीकडे सारखंच घासलेलं.

आणि एक सावधगिरी. तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाच्या पैशातून १९०८ साली काचकारखाना निघाला, ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना निघाला आणि त्यांचे प्रभाकर कंदील घरोघरी गेले. त्यामुळे जुनी काच दिसली की ‘ही स्वदेशी, तळेगावची’ असं म्हणायचा मोह होतो. नाव कोरलेलं नसेल तर तसं म्हणू नका. विकताना तर नाहीच.

किंमत

गोटीला हमीभाव नाही. तिची किंमत ठरते तऱ्हेवर, मापावर, रंगांच्या उठावावर आणि सर्वांत जास्त तिच्या पृष्ठभागावर. संग्राहक दहापैकी गुण देतात. नवीकोरी दिसणारी दहाच्या जवळ, खेळून चंद्रकोरीसारखे ओरखडे आणि टवके उडालेली पाच-सहाच्या खाली. त्याच तऱ्हेच्या दोन गोट्यांच्या भावात या एका गोष्टीने अनेक पटींचा फरक पडतो. मोठं माप सहसा दुर्मीळ, म्हणून महाग. टवके घालवण्यासाठी घासून पॉलिश केलेली गोटी चकाकते खरी, पण टोकाची खूण पुसली जाते आणि भाव कोसळतो. म्हणून घरच्या घरी पॉलिश नको.

मोबाईलवर भाव बघताना ‘मागितलेली किंमत’ सोडून द्या. लाख कोणीही मागू शकतो. झालेल्या विक्रीची, म्हणजे कोणीतरी खरोखर मोजलेली रक्कम बघा. लिलावाच्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या दाखवता येतात. तिथे दिसेल की साध्या पाकळ्यांच्या गोट्या किलोने जातात, ठीकठाक जर्मन पिळाच्या गोटीला काही डॉलरपासून दोन आकडी डॉलरांपर्यंत मिळतात आणि हजारोंचे आकडे अगदी मोजक्या, निर्दोष, दुर्मीळ गोट्यांना लागतात. ते भावसुद्धा अमेरिकेतले. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात व्यापारी त्याचा फार लहान हिस्सा देईल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पुढे गिऱ्हाईक शोधायचं काम त्याचं.

ओळख पटवायला नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजबबंगला, राळेगावहून सर्वांत सोयीचं. संग्रहालयवाले वस्तू काय आहे ते सांगतील, तिची किंमत सांगणार नाहीत. तो त्यांचा व्यवसाय नाही. किंमत ठरवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा मात्र दारातूनच परत पाठवा. जुन्या नाणी-नोटांच्या खरेदीच्या नावाने, रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून ‘शुल्क’ आणि ‘कर’ उकळणाऱ्यांबद्दल बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्येच सावध केलं होतं. गोट्यांच्या नावाने तोच प्रकार होतो. विकणाऱ्याने पैसे भरायचे, ही कुठल्याच बाजाराची रीत नव्हे.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर कुरियरच्या खिडकीपाशी जाण्याआधी १९७२चा पुरावशेष कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. बाटलीबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे विचारा. वस्तू पुरावशेष नाही असा दाखला त्यांच्या यंत्रणेकडून मिळू शकतो. देशात विकायचं असेल तर फोटो, माप, वजन, टवके कुठे आहेत ते आणि आत्याने सांगितलेली हकीकत एका कागदावर लिहून द्या. दोष लपवले की पार्सल परत येतं आणि वर टपालखर्च अंगावर.

विकायचं नसेल तर एकावर एक न आदळतील अशा खणांच्या खोक्यात सुती कापड घालून ठेवा. धुवायच्याच असतील तर कोमट पाणी, एका वेळी एक गोटी, बोटांनी. मोठी पारदर्शक गोटी उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. ती भिंगासारखं ऊन एका बिंदूवर आणते, आणि आपल्याकडे हंगामात कापूस घरातच भरलेला असतो.

वाटणीच्या बाबतीत माझं मत सांगतो. साध्या गोट्या मुठीने वाटून टाका, लेकीबाळींच्या घरीही जाऊ द्या. ओळख पटलेली एखादी चांगली गोटी किंवा बाटली असेल तर ती एकाने ठेवावी, आणि लेखी ठरवलेल्या किमतीतला वाटा बहिणींसकट बाकीच्यांना द्यावा. तोंडी ठरलेलं दुसऱ्या दिवाळीपर्यंत टिकत नाही. बाटली ज्याच्या वाट्याला येईल त्याने हौसेखातर तिच्यात पुन्हा सोडा भरू नये. रबर कुजलेलं असतं, काचेत न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि दाबाखाली ती हातातच फुटते.